पडदा किती उंच बांधावा

घरात सिनेमाचा पडदा बांधायचा झाला तर तो जमिनीपासून किती उंच असावा, या प्रश्नाचा त्र्याहत्तर सालच्या फेब्रुवारीआधी संगमनेरात कुणी गंभीरपणे विचार केला नव्हता. करायचं कारणही नव्हतं. सिनेमा कुणाच्या घरी येत नसे. माणसंच सिनेमाकडे जात आणि पडदा जिथे असेल तिथे मान वर करून बघत. माणसाची मान वर होते, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं असतं. वाकचौऱ्यांची अडचण तिथूनच सुरू झाली.

गोरक्षनाथ विठोबा वाकचौरे हे पंचायत समितीत हेडक्लार्क होते, आणि त्यांच्या आईची, राहीबाईची, मान वर होत नव्हती. जन्मभर डोक्यावर घागरी, वैरणीचे भारे आणि शेणाच्या पाट्या वाहून झाल्यावर ती मान म्हातारपणी पुढे झुकली ती झुकलीच. नगरच्या डॉक्टरांनी गळ्याला बांधायला पट्टा दिला. पट्ट्याने मान वर आली नाही, उलट मानेबरोबर पट्टाच खाली आला. म्हातारी आता जमीन बघत चाले आणि माणसांना पायांवरून ओळखे. एकदा वाकचौऱ्यांचे साहेब घरी आले, तेव्हा ते समोर उभे असतानाच तिने विचारलं होतं, "ह्ये टाचा झिजलेलं कोन आलंय रं गोरख?" वाकचौऱ्यांना तो प्रसंग आठवला की अजून कानशिलं तापत.

तर झालं असं, की दुष्काळात लोकांचं मन रमावं म्हणून सरकारने नगरहून प्रसिद्धी खात्याची जीप पाठवली. प्रवरेच्या कोरड्या पात्रात दोन उंच बांबू रोवून पडदा ताणला आणि संकरित ज्वारीवरची फिल्म दाखवली. ज्या साली कुसळही उगवलं नाही त्या साली ज्वारीची फिल्म का, असं विचारायचं नसतं. ती तीन वर्षांपूर्वी काढलेली होती आणि तिचा नंबर आत्ता लागला होता. राहीबाई शेजारणींबरोबर गेली, वाळूत बसली, आणि पुढच्या बायांच्या पाठी बघून परत आली. तिच्या पाठोपाठ घरमालक छगनशेठ ओरडतच आत शिरले.

"अहो वाकचौरे, तुमचे वडील दिसले की पडद्यावर! साक्षात विठूतात्या! कणीस मोडलं, हातावर मळलं, फुंकर मारली, दाणे तोंडात टाकले आणि बघितलं की सरळ आमच्याकडे!"

वाकचौरे स्वतः गेले नव्हते. हेडक्लार्कने वाळूत बसणं त्यांना बरं वाटत नसे.

विठूतात्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती आणि घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. फोटो काढला की आयुष्य घटतं, असं त्यांचं ठाम मत होतं. फोटोवाला दिसला की ते बांधाआड जात. धाकट्या लेकीच्या, बनूच्या लग्नात ते सगळा वेळ आचाऱ्याजवळ उभे राहिले होते. मग फिल्ममध्ये ते आले कसे, तर तिपाईवरचं ते यंत्र जमीन मोजणीचं आहे अशी त्यांची समजूत झाली. मोजणीवाल्यांवर लक्ष ठेवायला ते त्या वावरात गेले होते. फिल्ममध्ये निवेदक म्हणतो, "शेतकरी समाधानी आहे." विठूतात्या घरी येऊन म्हणाले होते, "चव न्हाई त्या जवारीला." पण ते काही फिल्ममध्ये नाही.

 दुसऱ्या दिवशी रेशनवरच्या मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या, तांबड्या भाकरीचा तुकडा मोडता मोडता राहीबाईने विचारलं, "फेटा कंचा हुता रं त्यांच्या डोक्याला? आबोली हुता का?"

"आई, मी नव्हतो बघायला."

"मी हुते," ती म्हणाली. "मला बी न्हाई दिसला."

एवढं ऐकल्यावर वाकचौऱ्यांनी हातातला घास ताटात ठेवला. काही झालं तरी आईला वडील दाखवायचेच, घरात, तिच्या मानेला झेपेल एवढ्या उंचीवर दाखवायचे, असं त्यांनी ताटावरच ठरवलं. इथपर्यंत त्यांचं काहीही चुकलेलं नव्हतं, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

कचेरीत साहेबांनी चष्मा काढून ऐकून घेतलं. "सरकारी मशिन घरगुती वापराला देता येत नाही वाकचौरे. सार्वजनिक कार्यक्रम असेल तर देता येतं."

"सार्वजनिक म्हणजे कसा साहेब?"

"म्हणजे अध्यक्ष पाहिजे."

लोक किती असावेत, जागा कुठली असावी, याबद्दल सरकारचं काही म्हणणं नव्हतं. अध्यक्ष, हार, चार नागरिक आणि शेवटी आभार एवढं झालं की वाकचौऱ्यांची बैठकीची खोलीसुद्धा सार्वजनिक झाली असती. रविवारी जीप शेजारच्या अकोले तालुक्यात जाणार होती. वाटेत तासभर संगमनेरात थांबायला हरकत नव्हती. सोमवारी मात्र ती फिल्म मुंबईला परत जाणार होती, कारण ज्वारीचा विषय संपून आता नालाबंडिंगचा येणार होता. म्हणजे जे काही करायचं ते रविवारीच करायला हवं होतं.

वाकचौऱ्यांनी उंचीच्या प्रश्नाला हात घातला. ते सरळमार्गी आणि पद्धतशीर होते. आईला काय दिसतं हे कळायचं तर आईसारखं बघायला हवं, म्हणून गुरुवारी कचेरीतून येताना त्यांनी हनुवटी छातीला टेकवली आणि तसेच घरापर्यंत चालत आले. वाटेत ते एका शेळीला आणि दोन सायकलींना धडकले. घरी पोचेपर्यंत त्यांच्याकडे कुणीतरी गेल्याची बातमी गल्लीत पसरली होती. कुणी गेलेलं नाही असं कळल्यावर भेटायला आलेल्या बायका जरा हिरमुसल्याच.

पण प्रयोग वाया गेला नाही. वाकचौऱ्यांच्या लक्षात आलं, की खाली वाकलेल्या मानेच्या माणसाला पडदा वर नको, खाली हवा. प्रेक्षकाला उंच बसवायचं आणि पडद्याची कड जमिनीला टेकवायची, म्हणजे विहिरीत डोकावावं तसं आईला खाली बघता येईल. बैठकीची खोली आणि माजघर यांच्यामध्ये दार नव्हतं, नुसती रुंद मोकळी चौकट होती. त्या चौकटीत कपडे वाळत घालायची काठी दोऱ्यांनी टांगलेली होती. दोरी ओढली की काठी वर, सोडली की खाली. या काठीवर पांढरी चादर टाकायची. समोर बाज मांडायची आणि बाजेवर आईला बसवायचं.

चादर काही सहजासहजी मिळाली नाही. पांढरी, डाग नसलेली, चौकटभर येईल अशी चादर घरात एकच होती, आणि ती इंदूला, म्हणजे वाकचौऱ्यांच्या पत्नीला, माहेरहून आलेली होती.

"अहो, अजून घडी मोडली नाही तिची," इंदू म्हणाली.

"मग आता मोडू."

"ज्वारी बघण्यासाठी?"

"माझ्या वडिलांना बघण्यासाठी," वाकचौरे इतक्या धीरगंभीर आवाजात म्हणाले, की इंदूने ट्रंक उघडली. मात्र चादरीला डाग पडला तर वाकचौऱ्यांच्या मोजक्या शर्टांचं काय होईल, हे तिने तेव्हाच सांगून ठेवलं.

शुक्रवारी संध्याकाळी रंगीत तालीम झाली. चादर टांगली, जमिनीपर्यंत सोडली. राहीबाईला बाजेवर बसवून पाठीशी गादीची वळकटी दिली. वाकचौऱ्यांनी बॅटरीच्या उजेडात हाताचं हरीण करून दाखवलं. त्यांच्या मते ते हरीण होतं.

"दिसतंय का आई?"

"दिसतंय की. कुत्रं हाय."

"सगळं दिसतं का, शेपटीपर्यंत?"

"समदं दिसतंय रं बाबा!" म्हातारी हसली. तिचं हसू बघायला वाकचौऱ्यांना खाली वाकावं लागलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्यांच्याही आलं. त्या क्षणी काठीच्या दोरीला कायमची गाठ मारून ते मोकळे झाले असते तर पुढचं काही घडलं नसतं. पण बॅटरीचा उजेड खिडकीतून बाहेर दिसला आणि शेजारी आत आले.

पहिले आले दिघे मास्तर. हे हायस्कुलात ड्रॉइंग शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी एक डोळा मिटला, अंगठा पुढे धरला आणि बराच वेळ कण्हल्यासारखा आवाज करत उभे राहिले.

"चूक," ते म्हणाले. "मूलभूत चूक. चित्राचा मध्य हा बघणाऱ्याच्या डोळ्याच्या पातळीवर पाहिजे. याला क्षितिजरेषा म्हणतात. तुमचं क्षितिज फरशीवर आलंय वाकचौरे."

"आईचं तिथेच आहे मास्तर."

"एका माणसासाठी क्षितिज हलवता येत नाही," मास्तर म्हणाले, आणि चहा झाल्याशिवाय गेले नाहीत.

मागोमाग छगनशेठ आले. त्यांना कलेशी कर्तव्य नव्हतं, भिंतीशी होतं. खिळा ठोकलेला नाही याची हाताने चाचपून खात्री झाल्यावर ते मोकळेपणाने सल्ला द्यायला बसले. पुण्याच्या थेटरात पडदा केवढा उंच असतो आणि खालच्या लोकांचं डोकं वरच्यांच्या आड कसं येत नाही, हे त्यांनी उभं राहून, बसून आणि शेवटी बाजेवर चढून दाखवलं. "आणि हो," जाता जाता त्यांनी विचारलं, "अध्यक्ष कोण?"

वाकचौरे दोरीची गाठ बघू लागले. अध्यक्षाचं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं, पण ते तोंडाने सांगायला त्यांना धीर होत नव्हता. अध्यक्ष बन्सीआबा गुंजाळच असणार होते, दुसरं कुणी असूच शकत नव्हतं. बन्सीआबा म्हणजे बनूचे सासरे, वाकचौऱ्यांचे व्याही, त्यांच्या गावच्या सोसायटीचे चेअरमन. दिवाळीत त्यांना फराळाचं बोलावणं दुसऱ्याच्या हाती आणि एक दिवस उशिरा गेलं होतं. तेव्हापासून आबा बोलत नव्हते आणि संक्रांतीला त्यांनी बनूला माहेरी धाडलं नव्हतं. आता घरात कार्यक्रम, अध्यक्षाची खुर्ची रिकामी, आणि तिथे दुसराच कुणी बसला, असं आबांच्या कानावर गेलं असतं तर बनूचं माहेर कायमचंच तुटलं असतं. आबांना बोलावलं तर मात्र जुना राग हारात गुंडाळून टाकता येणार होता. वाकचौऱ्यांना आपल्या या हिशेबाचं मनातून कौतुकही वाटलं. आईला वडील दिसतील आणि बहिणीला माहेर मिळेल. शनिवारी ते स्वतः सायकलवर जाऊन आबांना आमंत्रण देऊन आले.

आबा म्हणाले, "अध्यक्ष? बरं." एवढंच. पण म्हणताना त्यांनी मिशीवरून हात फिरवला, यावरून ते खूश असावेत असं वाकचौऱ्यांना वाटलं.

रविवारी दुपारपासूनच राहीबाई ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसून बाजेवर बसली होती. कुणी उठवलं तरी उठत नव्हती. "जागा जायाची," म्हणे. ऊन उतरल्यावर जीप आली. मशिनवाला रज्जाक हा हसतमुख माणूस होता, पण जगातल्या सगळ्या गोष्टींकडे तो आपल्या मशिनच्या बाजूने बघे.

"पडदा इतका खाली?" तो म्हणाला. "मंग मशिन बी खाली घ्यावं लागंल भाऊ. न्हाई तर माणसं चेपल्यावानी दिसत्यात. परवा एका गावाला मंत्रीसाहेब बेडकासारखे दिसले, केवढा बोभाटा झाला."

मशिन टेबलावरून उतरलं आणि स्टुलावर आलं.  प्रकाशाचा झोत आता उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीवरून पडद्याकडे जाणार होता. बाज एका बाजूला सरकवली, मध्ये वाट मोकळी ठेवली, आणि सगळं यथास्थित जमलं. अध्यक्षांची लोखंडी खुर्ची मात्र मधोमध ठेवली होती. अध्यक्षाला कडेला बसवलेलं वाकचौऱ्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

मग बन्सीआबा आले.

अंगावर कडक इस्त्रीचं धोतर, पायात करकरणारे जोडे, आणि डोक्यावर भलामोठा गुलाबी फेटा, तुरा वर काढलेला, शेमला कमरेपर्यंत सोडलेला. हा फेटा खास अध्यक्षपदासाठी बांधलेला होता, हे आंधळ्यालाही कळलं असतं. जोडे उंबऱ्यावर वाजताच बाजेवरची राहीबाई दचकली. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, हात टेकून उतरली आणि चादरीची कड उचलून माजघरात गेली.

वाकचौरे तिच्यामागे धावले. "आई, अगं बस की बाजेवर. तुझ्यासाठीच आहे ना हे सगळं!"

"येडा का खुळा तू?" ती कुजबुजली. "व्याह्याफुडं बाजंवर बसू? लेक हाय माझी त्यांच्या घरात."

तिच्या जागी असते तर वाकचौरे स्वतःही हेच म्हणाले असते. त्यांच्या पाठीमागून रज्जाकचं डोकं आत आलं. "काय बिघडत न्हाई भाऊ. खेड्यात निम्म्या बाया पडद्याच्या मागच्या अंगाला बसत्यात. चादर पातळ हाय, समदं दिसतंय. डावं ते उजवं दिसंल एवढंच."

वाकचौऱ्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी आईला चादरीमागे, बरोबर मधोमध, दोन पाट एकावर एक ठेवून बसवलं. तिकडे रिकाम्या बाजेवर दिघे मास्तर आणि छगनशेठ कधीच जाऊन बसले होते.

हार झाला. नारळ झाला. आबा दोन शब्द बोलायला उभे राहिले आणि ज्वारी, सोसायटी, दुष्काळ आणि आजची तरुण पिढी यांवर बरेच शब्द बोलले. रज्जाक घड्याळ बघत होता. शेवटी दिवा मालवला आणि मशिन खडखडू लागलं.

पहिली फिल्म कुटुंबनियोजनाची होती. ती आधी दाखवल्याशिवाय पुढची लावायची नाही, असा हुकूमच होता, असं रज्जाक म्हणाला. आठ लेकरांचे बाप असलेले अध्यक्ष खुर्चीत ताठ बसले होते. पडद्यावर आई, बाप आणि दोन गुटगुटीत मुलं हसत हसत अंगणात आली, आणि त्यांच्या पोटापासून डोक्यापर्यंत एक प्रचंड काळा फेटा उगवला. तुऱ्यासकट. सुखी कुटुंबातलं फक्त एक मूल त्याच्या कडेला शिल्लक राहिलं.

खोलीत कुणी हसलं नाही. हसू दाबल्याचे आवाज मात्र येत होते.

"अध्यक्षांचं डोकं आड येतंय," मागून कुणीतरी म्हणालं.

"डोकं न्हाई, फेटा," रज्जाक म्हणाला. "डोकं बसतंय खाली."

 फेटा काढा, असं व्याह्याला कसं सांगायचं? भर लोकांत पागोटं उतरवायला लावलं असं उद्या आबांच्या गावात झालं असतं. खुर्ची बाजूला घ्या, असंही सांगणं नको. दिवाळीला फराळ उशिरा, आणि आता खुर्ची कडेला! वाकचौऱ्यांनी इकडे तिकडे बघितलं. मास्तरांनी अंधारात एक डोळा मिटून अंगठा धरलेलाच होता.

"मी शुक्रवारीच म्हणालो होतो," मास्तर म्हणाले. "क्षितिज वर घ्या."

वाकचौऱ्यांनी क्षितिज वर घेतलं. दोरी ओढली, काठी वर गेली, चादर जमिनीपासून सुटली. मशिन स्टुलावरून परत टेबलावर चढलं. तरी तुरा राहिला. अजून थोडी ओढली. तुरा गेला, सुखी कुटुंब अखंड झालं आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. चादरीची खालची कड आता कमरेच्या वर लोंबत होती. त्या कडेखाली माजघराचा अंधार दिसत होता आणि त्या अंधारात पांढरं लुगडं.

एवढी फिल्म संपली की आपण आबांच्या कानात सांगू, असं वाकचौऱ्यांनी स्वतःला बजावलं. काय सांगायचं ते त्यांनी मनात जुळवलंसुद्धा. 'आबा, आईची मान वर होत नाही, तेवढा फेटा जरा...' यात अपमानाचं काय होतं? काहीही नव्हतं. रीळ संपलं, रज्जाक दुसरं चढवू लागला. वाकचौरे खुर्चीजवळ गेले आणि वाकले. आबांनी मान वळवून विचारलं, "काय वो?" त्यांच्या आवाजात जरब होती, किंवा वाकचौऱ्यांना ती ऐकू आली.

"आबा," वाकचौरे म्हणाले, "पान लावू का?"

"लावा की," आबा म्हणाले.

वाकचौरे तबक आणायला गेले तोवर ज्वारी सुरू झाली होती.

हिरवीगार वावरं, बैल, मोटेचं पाणी. लोक पुढे सरकून बघू लागले. त्या सालात एवढं हिरवं कुणी बघितलं नव्हतं. वाकचौऱ्यांनी खुर्चीच्या पायाशी फरशीवर बसून पान लावलं आणि आबांना दिलं. आता आबांना कात जास्त झाला की चुना, हे त्यांच्या तोंडाकडे बघून ओळखायचा ते प्रयत्न करत होते. आबांच्या मिशीचं एक टोक हललं. पान आवडलं असावं. की चुना लागला?

"विठूतात्या!" छगनशेठ बाजेवरून ओरडले. "वाकचौरे, बघा, बघा!"

वाकचौऱ्यांनी मान फिरवली, तेव्हा पडद्यावर खताचं पोतं होतं.

"गेले," मास्तर हळहळले. "काय सुंदर नजर होती हो. अगदी तीन चतुर्थांश चेहरा."

वाकचौऱ्यांनी तबक खाली ठेवलं. "रज्जाकभाई, पुन्हा. एकदा पुन्हा लावा. तेवढंच."

"लावतो की, त्यात काय," रज्जाक म्हणाला आणि त्याने मशिन थांबवलं. रीळ उलटं फिरवायला त्याने बटण दाबलं, आणि लाइट गेले. खोलीतले, गल्लीतले, सगळ्या संगमनेरातले. त्या साली धरणात पाणी नव्हतं आणि लाइट वाटेल तेव्हा जात. इंदूने कंदील आणला. सगळे वाट बघत बसले. आबांनी दुसरं पान मागितलं. रज्जाक घड्याळाकडे बघत होता, शेवटी त्याने वायर गुंडाळायला घेतली.

"अकोल्याला लोक बसलेत भाऊ. साहेब खाऊन टाकतील मला. मी थांबलो असतो, खरंच." त्याला वाईट वाटत होतं हे दिसत होतं, पण रीळ डब्यात गेलं आणि डबा जीपमध्ये. पुढे वाकचौऱ्यांनी त्या फिल्मसाठी नगरला खेपा घातल्या, मुंबईच्या एका ओळखीच्या माणसाला गाठलं. ज्वारीचा विषय बंद झाला आहे, एवढंच सगळ्यांनी सांगितलं. पण ते नंतरचं. जीपचा आवाज ऐकू येईनासा झाला तेव्हा वाकचौरे चौकटीतल्या लोंबत्या चादरीकडे बघत उभे होते, आणि आभार कुणी मानायचे हे विचारायला छगनशेठ त्यांची बाही ओढत होते.

लोक गेले. आबा जायला उठले, कंदिलाजवळ आले, आणि त्यांनी दोन्ही हातांनी फेटा उचलून खुर्चीवर ठेवला. आत टक्कल घामाने निथळत होतं.

"हुश्श!" ते म्हणाले. "जीव गेला माझा उकाड्यानं. कवापास्नं काढावा म्हनतोय. पन म्हटलं, तुमी अध्यक्ष केलंय, कसा काढायचा? गोरखराव, आड येत हुता का वो फेटा? मागं कायतरी कुजबूज चालली हुती."

"नाही नाही," वाकचौरे म्हणाले. दुसरं काय म्हणणार? मग त्यांना राहवेना. "म्हणजे... थोडा येत होता. म्हणून पडदा वर घेतला."

"आन विहीणबाई? त्यांच्यापाय घातला ना घाट ह्यो? त्यांना दिसलं का?"

वाकचौऱ्यांनी लोंबत्या चादरीखाली बघितलं. आबांनी त्यांच्याकडे बघितलं, चादरीकडे बघितलं, आणि तिच्याखालच्या पाटांकडे बघितलं. त्यांच्या सगळं ध्यानात आलं.

"आरं, मंग मला सांगायचं न्हाई का?" ते एकदम रागावले. "काढून ठिवला असता! मी काय वाघ हाय का? माझ्या डोक्याचं चिरगूट मोठं, का त्या माउलीचा नवरा?" त्यांचा हा राग दिवाळीतल्या रागापेक्षा पुष्कळ चांगला होता, पण आता त्याचा काही उपयोग नव्हता. उंबऱ्यापाशी जाऊन ते थांबले आणि माजघराच्या दिशेने मोठ्याने म्हणाले, "विहीणबाई, येत्या सोमवारी बनूला धाडून देतो. चांगली म्हैनाभर ऱ्हाऊ द्या." आतून पाट सरकल्याचा आवाज आला. आबा फेटा काखेत मारून बोडक्या डोक्याने गेले.

म्हणजे अर्धा हिशेब बरोबर आला होता. वाकचौऱ्यांना त्याचा आनंद व्हायला हवा होता. त्यांनी दोरी सोडली, काठी खाली आली, चादर पुन्हा जमिनीला टेकली. इंदूने डाग बघितला नाही, नुसती घडी घातली. कंदील घेऊन वाकचौरे माजघरात गेले. राहीबाई दोन पाटांवर तशीच बसली होती. ते तिच्यासमोर फरशीवर बसले, अगदी वाकून, तिच्या नजरेत येतील असे.

"आई, तुला काहीच दिसलं नाही का गं?"

"दिसलं की."

"काय दिसलं?"

"चादरीखालनं तू दिसत हुतास," ती म्हणाली. "पडद्याचा उजेड पडला हुता तुझ्या तोंडावर. म्हटलं, वर काय आपल्याला बघवत न्हाई. पन त्यांना बघून तुझं तोंड फुलंल तवा कळंल, आता आलं म्हनून. तुझ्याकडंच बघत हुते मी समदा वेळ."

तिने हात पुढे केला, चाचपत त्यांच्या गालाला लावला, आणि विचारलं, "आन मंग छगनशेठ वरडलं, तवा तू व्याह्याच्या तोंडाकडं का बघत हुतास रं?"